कूलर बंद झाल्यावर ऐकू येणारा आवाज

आरोग्य : वाचकांचे प्रश्न आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : मी वणी तालुक्यातला ५४ वर्षांचा कोरडवाहू शेतकरी असून शेती सांभाळून अकरा हंगाम एका जिनिंगमध्ये कामाला होतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मध्यरात्री लाइन गेली, कूलर बंद पडला आणि दोन्ही कानांत रातकिडे ओरडत असल्याचा आवाज आला. पावसाला महिना बाकी असताना एवढे रातकिडे कुठून आले म्हणून अंगणात जाऊन पाहिले, बायकोला उठवून विचारले. तिला काहीच ऐकू येत नव्हते. तेव्हापासून तो आवाज क्षणभरही थांबलेला नाही. वणी, यवतमाळ, चंद्रपूर आणि नागपूर अशा चार गावी डॉक्टर केले, मेंदूचा एमआरआय काढला, तो नॉर्मल आला. नसांच्या गोळ्या झाल्या, चक्करेच्या गोळ्या झाल्या, ताकदीची इंजेक्शने झाली. एका माणसाने एकवीस दिवसांत आवाज मुळापासून बंद होईल असे सांगून तेल दिले, तेही झाले. शेवटच्या डॉक्टरांनी ‘याला इलाज नाही, सवय करून घ्या’ असे सांगून दोन मिनिटांत बाहेर काढले. जागलीला, म्हणजे रात्री पिकाची राखण करायला, जाणे मी सोडले आहे, कारण शेतातल्या शांततेत तो आवाज सहन होत नाही. दिवसभर कानांत कापसाचे बोळे असतात. उन्हाळ्यात कूलर चालू असतो तोवर झोप बरी लागते. पाऊस लागून कूलर उचलून ठेवला की पुन्हा रात्र सरत नाही. हल्ली असे जगण्यापेक्षा मेलेले बरे, असेही मनात येऊन जाते. याला खरोखरच इलाज नाही काय?

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मी आधी घेतो. तीव्र कर्णनाद, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणारा आवाज, आणि महिनोन्महिने न झालेली झोप यांनी माणसाच्या मनात असे विचार येतात, हे मी माझ्या रुग्णांमध्ये पाहिले आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, परंतु ते एकट्याने मनात ठेवण्यासारखेही नाही. हे उत्तर वाचाल त्याच दिवशी ती गोष्ट आपल्या पत्नीला किंवा मुलाला सांगा, आणि फवारणीच्या औषधांचे डबे काही महिने त्यांच्या कुलपात राहू द्या. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तेथे मराठीतून बोलता येते. झोप आणि मन यांवरचा उपचार हा कर्णनादाच्या उपचाराचाच भाग आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाण्याने आपला आजार ‘मनाचा खेळ’ ठरत नाही.

आता इलाजाविषयी. आवाज घालवणे आणि त्रास घालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेली तीन वर्षे आपण पहिल्या गोष्टीमागे पैसे घातले आहेत. आपल्यासारख्या, दोन्ही कानांत बऱ्याच काळापासून असलेल्या कर्णनादाचा आवाजच कायमचा बंद करील असे सिद्ध झालेले औषध आज कोठेही उपलब्ध नाही. त्रास मात्र बऱ्याच अंशी कमी करता येतो, इतका की कित्येक रुग्णांना दिवसाचे बरेच तास आवाजाची आठवणही राहत नाही. ‘सवय करून घ्या’ म्हणताना त्या डॉक्टरांनी आपल्याला उपचाराचे नाव सांगितले, उपचार सांगितला नाही. (ओपीडीच्या गर्दीत मीही पूर्वी हेच वाक्य वापरत असे, हे येथे मान्य केले पाहिजे.)

हा आवाज कोठून येतो, हे समजले की निम्मी भीती ओसरते. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा कर्णावर्त असतो आणि त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करण्याचे काम त्या करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जिनिंगच्या यंत्रांजवळ काढलेल्या अकरा हंगामांत बहुधा आपल्या उंच पट्टीच्या पेशी खर्ची पडल्या असाव्यात, कारण सततच्या गोंगाटाने आधी त्याच जातात. त्या पट्टीतून येणारा संकेत कमी झाला की मेंदू आपल्याकडून आवाज वाढवतो. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसले म्हणजे आपण बटण फिरवतो आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते. आपल्याला ऐकू येणारे रातकिडे ही ती खरखर होय. कानाची नस कापूनही अनेक रुग्णांचा कर्णनाद थांबला नाही, यावरून तो केवळ कानात राहत नाही हे वैद्यकशास्त्राच्या लक्षात आले. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी उत्तम ऐकू येणाऱ्या ८० व्यक्तींना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींनी गुणगुण, शिट्टी किंवा किरकिर असे काही ना काही ऐकू आल्याचे सांगितले. पुरेशी शांतता मिळाली तर हा आवाज बहुतेक सर्वांच्याच डोक्यात असतो. त्यांना तो छळत का नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आपण सोडून दिलेल्या जागलीत आहे. जागल करणारा माणूस मचाणावर झोपतो, तेव्हा वाऱ्याने तुरी रात्रभर सळसळल्या तरी त्याला जाग येत नाही. मात्र रानडुकराच्या पायाखाली एक काडी मोडली की तो ताडकन उठून बसतो. काडीचा आवाज वाऱ्यापेक्षा मोठा नसतो. मेंदूने एकाला निरर्थक आणि दुसऱ्याला धोक्याचा ठरवलेले असते, एवढाच फरक. त्या मे महिन्यातल्या रात्री आपण घाबरून अंगणात गेलात, नंतर चार डॉक्टरांनी चार तऱ्हेची काळजी लावली, आणि आपल्या मेंदूने कर्णनादाची गणना डुकरात करून टाकली. आता त्याला वाऱ्यात नेऊन ठेवायचे आहे. पोलिश वंशाचे शास्त्रज्ञ जास्त्रेबॉफ यांनी १९९० साली याच धर्तीची मांडणी केली आणि त्यावर आधारलेली उपचारपद्धती जगभर वापरली जाते. मात्र तिला सहा महिने ते दीड वर्ष इतका काळ द्यावा लागतो. एकवीस दिवसांत हे होत नाही.

यातले पहिले औषध आपण स्वतःच शोधले आहे आणि पाऊस लागला की ते उचलून ठेवता. कूलरच्या घरघरीत झोप लागते, कारण मेंदूला बाहेरून पुरेसा ध्वनी मिळाला की त्याला आतली खरखर वाढवावी लागत नाही. तेव्हा पावसाळ्यात आणि हिवाळ्यात एखादा लहान टेबलपंखा भिंतीकडे तोंड करून लावा, म्हणजे वारा अंगावर येणार नाही आणि आवाज राहील. किंवा मोबाइलमध्ये पावसाचा आवाज लावून तो उशीपासून दूर ठेवा. हा आवाज कर्णनादाला पुरता बुडवील इतका मोठा नसावा. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकू येतील, इतपतच तो ठेवावा, कारण जो आवाज ऐकूच येत नाही त्याची सवय मेंदूला होणार कशी? लाइन जाण्याचा प्रश्न आपल्याकडे आहेच. त्यासाठी मोबाइल किंवा चार्जिंगचा पंखा हाताशी असावा. मध्यरात्री अचानक पडणारी शांतता आपल्याला सर्वांत जास्त बाधते, हे आपल्या पत्रावरूनच दिसते.

कानांतले कापसाचे बोळे आजच काढून टाका. त्यांनी बाहेरचे आवाज कमी होतात आणि आतला अधिक ठळक होतो. वर मोठ्या यंत्राजवळ गेल्यास तो कापूस कानाचे धड रक्षणही करत नाही. म्हणजे शांततेत अपाय आणि गोंगाटात निरुपयोगी असे ते साधन आहे.

दुसरी गोष्ट, आपल्या पत्रात एमआरआय आहे, पण ऐकण्याच्या साध्या तपासणीचा उल्लेख नाही. ती झाली नसेल तर क्रम उलटा झाला आहे. ऑडिओमेट्री या तपासणीत बंद खोलीत कानांवर हेडफोन लावतात, वेगवेगळ्या पट्टीचे स्वर बारीक करत नेतात आणि ऐकू आला की बटण दाबायचे असते. कर्णनाद असणाऱ्याला आपला आवाज कोणता आणि यंत्राचा कोणता हे कळेनासे होते. तसे झाल्यास ऑडिओलॉजिस्टला स्पष्ट सांगावे, म्हणजे ते तुटक किंवा थरथरता स्वर लावतात. नंतर हाती येणाऱ्या आलेखात उजवा कान लाल वर्तुळांनी आणि डावा निळ्या फुल्यांनी दाखवलेला असतो. गोंगाटाने बिघडलेल्या कानाची रेघ ४००० हर्ट्झच्या आसपास खाली घसरलेली दिसते. ‘बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत,’ असे आपल्याला होत असेल तर तेही यामुळेच, कारण स, श, फ यांसारखी व्यंजने उंच पट्टीतच असतात. अशी घसरण आढळली तर श्रवणयंत्र हा माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत उपयोगी उपचार ठरेल. ते कमी झालेला संकेत पुरवते आणि यंत्र घातल्यावर कर्णनाद मागे पडल्याचे अनेक रुग्ण सांगतात. सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, चंद्रपूर, तसेच नागपूरचे मेडिकल, मेयो आणि एम्स यांपैकी आपल्याला जवळ पडेल त्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जावे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र व्यक्तीला श्रवणयंत्र मोफत किंवा सवलतीत मिळू शकते, त्याची चौकशी तेथेच करावी. आठवडी बाजारात किंवा शिबिराच्या मंडपात तपासणीवाचून विकली जाणारी कानाची मशीन मात्र घेऊ नका. ती सगळेच आवाज सरसकट वाढवतात आणि उरलेल्या कानाला धोका करतात.

गोळ्यांविषयी थोडक्यात. चक्करेसाठी दिली जाणारी बीटाहिस्टीन ही गोळी केवळ कर्णनादावर उपयोगी पडते असे दिसून आलेले नाही. गिंको या वनस्पतीचा अर्क, जस्त आणि मेलाटोनिन यांचा कर्णनादासाठी वापर करू नये, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. बी-१२ रक्तात कमी असेल तरच घ्यावे. झोपेच्या गोळीची सवय लागते, म्हणून ती मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच आणि थोडे दिवस घ्यावी. उदासीनतेची औषधे कर्णनाद घालवत नाहीत, पण आपल्या मनात येणारे विचार पाहता आपल्याला त्यांची गरज असू शकते, तेव्हा ती दिली गेल्यास नाकारू नका.

ज्या उपचारामागे आज सर्वांत भक्कम पुरावा आहे, तो बोलण्याचा आहे. बोधनात्मक वर्तनोपचारात प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर बसून ‘हा आवाज मला वेडा करणार’ यासारख्या विचाराला वहीत उतरवतात, तो खरा आहे काय ते तपासतात आणि टाळलेली कामे हळूहळू पुन्हा सुरू करतात. आपल्या बाबतीत ते टाळलेले काम म्हणजे जागल. प्रथम संध्याकाळी तासभर, खिशात रेडिओ ठेवून, सोबतीला कोणी घेऊन; पुढचे पुढे. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यानुसार या उपचाराने कर्णनादाचा जीवनावरील परिणाम कमी होऊ शकतो. आवाजाची पातळी त्याने बदलेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : माझे वय ३८ असून मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. रात्री आडवे झाले की फक्त उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर ‘धक् धक्’ असा आवाज येतो. घरचे म्हणतात, कानात मळ झाला असेल. काय करावे?

उत्तर : वरच्या प्रश्नातील उत्तर आपल्याला लागू नाही, त्यामुळे ‘सवय’ वगैरे बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या. मनगटावर बोट ठेवून पाहावे; आवाज नाडीशी जुळत असेल तर त्याचा उगम बहुधा रक्तप्रवाहात असतो आणि असा कर्णनाद पुष्कळदा कारण शोधून बरा करता येतो. आपल्या भागातील स्त्रियांत रक्ताची कमतरता सर्रास आढळते आणि पातळ झालेले रक्त वेगाने वाहताना असा आवाज होऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तदाब यांची तपासणी गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच करता येईल. त्याचबरोबर डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येत असेल किंवा धूसर दिसत असेल, तर डोळ्यांचा पडदा तपासून घेण्यास उशीर करू नये, कारण मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढल्यानेही हे होते. कानाच्या पडद्यामागे लालसर गाठ दिसते काय, हे तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहावे लागते आणि जरूर वाटल्यास रक्तवाहिन्यांचे स्कॅनही करावे लागते. मळ हेही कारण असू शकते, परंतु तो बाजारात कान साफ करणाऱ्याकडून काढवून घेऊ नका.

येथेच इतर वाचकांसाठीही सांगतो. एकाच कानात कर्णनाद असेल, त्या कानाने कमी ऐकू येत असेल किंवा तोल जात असेल, तर एमआरआय आवश्यक ठरतो. आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झाल्यासारखा वाटून त्यात आवाज सुरू झाला, तर ‘सर्दीने असेल’ म्हणून वाट पाहू नका. पहिल्या काही दिवसांत स्टेरॉइड मिळाल्यास ऐकणे परत येण्याची शक्यता वाढते, महिन्याभराने गेल्यास आमच्या हाती फारसे काही राहत नाही.

प्रश्न : कान वाजत असल्यास रुईच्या पानाचा रस किंवा लसणाचे कोमट तेल घालावे असे आमच्याकडे सांगतात. आयुर्वेदात यावर उपचार आहे काय?

उत्तर : सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले असून कर्णनाद हा त्यांपैकी एक आहे. कानात औषधी तेल भरण्याचा उपचारही परंपरेत आहे. जाणत्या वैद्याने आधी कानाचा पडदा पाहिला असेल आणि तो शाबूत असेल, तर अशा तेलाने सहसा अपाय होत नाही. आतल्या कानातील केसपेशींपर्यंत मात्र ते पोहोचत नाही. पडद्याला छिद्र असल्यास तेच तेल कान फुटण्यास कारण होते. रुईचा चीक दाहक असतो, तो कानात मुळीच जाऊ देऊ नये. रस घातल्यानंतर कान सुजून आलेले रुग्ण दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात.

प्रश्न : बुलडाणा जिल्ह्यात राहणारे माझे मामाजी, म्हणजे सासरे, ७१ वर्षांचे आहेत. कान वाजतो म्हणून ते चिडचिड करतात, टीव्ही मोठ्याने लावतात. हृदयविकारासाठी त्यांना ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन रोज चालू आहे. त्यामुळे हे होत असेल तर गोळी बंद करावी काय?

उत्तर : गोळी बंद करू नका. ॲस्पिरिनमुळे कान वाजतात हे खरे, पण ते मोठ्या मात्रेने. हृदयासाठीच्या लहान गोळीने सहसा तसे होत नाही आणि ती मनाने थांबवणे धोक्याचे ठरेल. त्यांना पूर्वी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शने दिली गेली असल्यास ती माहिती डॉक्टरांना जरूर द्यावी, कारण त्या औषधांनी कानाची कायमची हानी होऊ शकते. टीव्हीचा आवाज वाढणे ही ऐकणे कमी झाल्याची खूण आहे, तेव्हा तपासणी आणि श्रवणयंत्र यांकडे वळावे. घरात त्यांच्याशी बोलताना समोर, उजेडात बसून सावकाश बोलावे. ओरडल्याने शब्द अधिकच अस्पष्ट होतात. ‘कुठे काय, आम्हाला तर काही ऐकू येत नाही,’ हे वाक्य मात्र घरातल्या सर्वांनी टाळावे. तो आवाज दुसऱ्याला ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

प्रश्न : कर्णनादासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते काय?

उत्तर : नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत कर्णनाद नाही. त्यासोबत दोन्ही कानांनी संभाषणाच्या पट्टीत ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक ऐकणे कमी झालेले असेल, तर त्या श्रवणदोषासाठी अर्ज करता येतो.

प्रश्न : मी २३ वर्षांचा असून सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरवर मजुरी करतो. काम संपल्यावर दोन दिवस कान वाजतात, नंतर आपोआप थांबतात. हे काळजीचे आहे काय?

उत्तर : होय, आणि आपण आत्ताच विचारले हे बरे केले. दोन दिवसांनी आवाज थांबतो याचा अर्थ कान पूर्ववत झाला असा नव्हे. २००९ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत, गोंगाटानंतर ऐकण्याची पातळी परत आली तरी केसपेशी आणि नस यांमधील जोडण्या कायमच्या तुटलेल्या आढळल्या. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सहन करण्याजोगा मानतात आणि त्यावर दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास. यंत्राजवळ हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलण्यासाठी आपल्याला ओरडावे लागत असेल तर मर्यादा ओलांडली आहे असे समजावे. लग्नाच्या वरातीत डीजेच्या गाडीमागे चालतानाही हेच लागू आहे.

औषधांच्या किंवा सुरक्षा-साहित्याच्या दुकानात फोमचे बोळे थोड्या पैशांत मिळतात. हात धुऊन बोळा दोन बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरावा. नीट बसला असेल तर थ्रेशरची घरघर शेजारच्या शेतातून आल्यासारखी वाटते; तशी वाटली नाही तर काढून पुन्हा बसवावा. काम संपताच मात्र दोन्ही बोळे काढून खिशात ठेवावेत.